प्रकल्प नोंदी : सोसायटीच्या बागेतल्या रस शोषणाऱ्या किडी (कोथरूड, पुणे)

12 नोव्हेंबर

दिवाळीनंतरच्या बैठकीत बागेच्या औषधांचं बिल निघालं आणि त्यावर बराच वाद झाला. शेवटी ठरलं ते असं : यंदा किडीचं नाव कळल्याशिवाय पंपाला हात लावायचा नाही, आणि काय दिसलं, काय केलं ते लिहून ठेवायचं. वही माझ्याकडे आली.

बागेत काय आहे ते आधी मांडते. कंपाउंडलगत जास्वंदीची रांग, गेटजवळ कुंतीचं कुंपण, मागे नारळ, एक पपई, कढीपत्ता आणि लिंबू. गच्चीवर गुलाब, शेवंती, मिरची, तुळस, अडेनियम. सामान म्हणून दहापट मोठं दाखवणारं भिंग, पांढरे कागद, इअरबड, मेडिकलमधून आणलेलं स्पिरिट आणि पिवळे-निळे चिकट सापळे. पिवळ्यावर पांढरी माशी आणि पंख फुटलेला मावा येतो, निळ्यावर फुलकिडे. सापळे लावले की कीड संपते असा एक समज आहे. तसं होत नाही, पण पाहुणे कोण आलेत ते मात्र लवकर कळतं.

16 नोव्हेंबर

पहिली फेरी माळीमामांबरोबर. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "ताई, कुठलं औषध आणू?" त्यांना म्हटलं, आज औषध नाही, आज फक्त पानांवरून बोट फिरवायचं. पान चिकट लागतं की कोरडं, एवढंच बघायचं.

यामागचं कारण सोपं आहे. मावा, पिठ्या ढेकूण (अंगावर पांढरं पीठ असलेला), पांढरी माशी, सायला (पालवीवरचा बारीक कीटक) आणि मऊ खवले कीड या मंडळींची सोंड थेट झाडाच्या अन्नरसाच्या नळीत जाते. त्या रसात साखर भरपूर, पण वाढीला लागणारी नत्रयुक्त द्रव्यं अगदी थोडी. पुरेसं नत्र मिळेपर्यंत रस पीत राहावं लागतं आणि जास्तीची साखर मागून बाहेर टाकावी लागते. तोच तो चिकटा. तो खालच्या पानांवर, बाकड्यांवर, पार्किंगमधल्या गाड्यांवर पडतो. त्यावर काळी बुरशी, म्हणजे कोळशी चढते आणि त्यालाच मुंग्या लागतात. लाल कोळी, फुलकिडे आणि तुडतुडे मात्र बहुतेक पानाच्या पेशीच फोडून पितात. तिथे चिकटा नसतो. ठिपके, चंदेरी चट्टे, करपलेल्या कडा एवढंच दिसतं. कठीण कवचाची खवले कीडही या कोरड्या गटातली.

म्हणजे बोट चिकटलं तर वर बघायचं आणि मुंग्या शोधायच्या. नाही चिकटलं तर पान उलटं करून भिंग लावायचं.

आज जास्वंद चिकट. शेवंती चिकट. गुलाब कोरडा, पण जुन्या फांद्यांवर राखाडी-पांढरी खपली आहे, ती नखाने निघते. बाकी ठीक.

3 डिसेंबर

शेवंतीच्या कळ्यांखाली काळपट मावा, खच्चून. मावा ओळखायची खूण म्हणजे पाठीमागच्या दोन बारीक नळ्या, भिंगातून स्पष्ट दिसतात. थंडीत माद्यांना नर लागत नाही. त्या अंडी न घालता थेट पिल्लं देतात, आणि ती पिल्लं आठवड्याभरात स्वतः आया होतात. म्हणून सोमवारी चार दिसलेला मावा पुढच्या सोमवारी दांडी झाकून टाकतो. गर्दी झाली की काहींना पंख फुटतात आणि ते दुसऱ्या कुंडीवर जातात.

उपाय केला तो पाण्याचा. नळीच्या तोंडावर अंगठा धरून सकाळी खालून वर जोरात फवारा. खाली पडलेला मावा सहसा परत चढत नाही. त्याची सोंड पानात रुतलेली असते आणि धारेने ओढला जाताना ती बऱ्याचदा तुटते. कळ्या नाजूक आहेत तिथे बोटांनीच पुसून घेतला. दोन दिवसांआड हेच.

गेटबाहेरच्या कण्हेरीवर पिवळाधमक मावा आहे. तो कण्हेर, रुई अशा चिकाच्या झाडांवरच राहतो, शेवंतीवर यायचा नाही. त्याला हात लावला नाही. का, ते पुढे कळेल.

10 डिसेंबर

कण्हेरीवरच्या माव्यात काही किडे फुगून तपकिरी, कागदी झालेत आणि पानाला चिकटून मेलेत. काहींच्या पाठीला गोल भोक. हे काम परोपजीवी गांधीलमाशीचं. ती इतकी लहान की उडताना चिलटासारखी वाटते. माव्याच्या पोटात अंडं घालते, अळी त्याला आतून खाते आणि भोक पाडून माशी बाहेर येते. शिवाय सिरफिड माशीच्या हिरवट, पाय नसलेल्या अळ्या आणि ढालकिड्यांची (लेडीबर्ड) अंडी. कण्हेर ही आमची मित्रकीटकांची नर्सरी आहे. फवारलं असतं तर मावा परत आला असता, हे आले नसते.

22 डिसेंबर

शेवंतीवर थोडा मावा उरलाच. निंबोळी तेल काढलं तर बाटलीत गोठलेलं. पुण्याच्या डिसेंबरात ते तुपासारखं बसतं. बाटली कोमट पाण्यात ठेवून पातळ केलं. प्रमाण एक लिटर पाण्याला 5 मिली तेल. आधी तेलात साधारण 2 मिली पातळ साबण घोटायचा, मग थोडं कोमट पाणी घालून दुधासारखं करायचं, मगच बाकीचं पाणी. थेट पाण्यात ओतलं तर तेल वर तरंगतं, पंपातून आधी नुसतं पाणी येतं आणि शेवटी तेलाचा घोट येऊन पान भाजतं.

आणखी एक. आपलं बोअरचं पाणी जड आहे, त्यात साबण फाटतो आणि पांढरा साका बसतो. फवारणीला महापालिकेचं पाणी भरून ठेवायचं. फवारणी संध्याकाळीच : निंबोळीतलं अझाडिरॅक्टीन उन्हात लवकर निकामी होतं, आणि मधमाश्याही तोवर परतलेल्या असतात.

6 जानेवारी

आता जास्वंद. गेले काही आठवडे मामा वरचेवर सांगत होते, "ताई, कापूस वाढलाय." शेंडे गुच्छ होऊन आखडले आहेत, कळ्या न उमलता गळताहेत, खोडावरून मुंग्यांची ओळ अखंड. पिठ्या ढेकूण, यात शंका नाही. पण कुठला? पुण्यात जास्वंदीवर निदान तीन प्रकारचे येतात आणि तिघांचे शत्रू वेगळे.

इअरबडने काही किडे स्पिरिटच्या बाटलीत टाकून ठेवले. पपईवरचा पिठ्या ढेकूण अल्कोहोलमध्ये दिवस-दोन दिवसांत निळा-काळा पडतो. गुलाबी पिठ्या चिरडला की आत लालसर रंग. तिसरा, कपाशीवरचा, त्याच्या पांढऱ्या पाठीवर काळ्या ठिपक्यांच्या जोड्या ओळीने दिसतात.

8 जानेवारी

बाटलीतले निळे झाले नाहीत. भिंगाखाली काळे ठिपके स्वच्छ. म्हणजे कपाशीवरचा, फिनाकॉकस सोलेनॉप्सिस. 2005 नंतरच्या काही वर्षांत गुजरात, पंजाब, महाराष्ट्रात यानेच कपाशी झोडपली होती. शहरात तो जास्वंदीवर सुखाने नांदतो.

14 जानेवारी

संक्रांत. तिळगूळ वाटून झाल्यावर मुंग्यांचा विषय घेतला, तोही गोडाचाच आहे.

मुंग्या पिठ्या ढेकणाला खात नाहीत, त्या त्याचा चिकटा गोळा करतात. बदल्यात ढालकिड्यांना हुसकावतात, गांधीलमाश्यांना अंडी घालू देत नाहीत. मुंग्यांचा पहारा असेपर्यंत मित्रकीटक येऊनही उपयोग नाही. म्हणून औषध किडीवर न मारता आधी वाट बंद करायची. खोडाभोवती जुन्या चादरीची पट्टी, तिच्यावर रुंद चिकटपट्टी आणि तिच्यावर ग्रीस. ग्रीस सालीला थेट लावायचं नाही, साल गुदमरते. भिंतीला किंवा तारेला टेकलेल्या फांद्या छाटल्या, नाहीतर मुंग्या तिकडून पूल करतात.

वारुळाच्या तोंडाशी आमिष ठेवलं : 100 मिली साखरपाण्यात 1 ग्रॅम बोरिक पावडर, कॅरमबोर्डवर टाकतो तीच. ती जास्त घातली तर मुंग्या वाटेतच मरतात आणि ते पाणी राणीपर्यंत पोचत नाही. कमीच बरी. हे भोकं पाडलेल्या झाकणबंद डबीत. खाली मुलं खेळतात आणि मांजरंही आहेत.

सगळ्यात वाईट शेंडे कापले. कापलेलं कचऱ्यात उघडं न टाकता काळ्या पिशवीत बांधून उन्हात ठेवलं. कात्री दर झाडानंतर स्पिरिटने पुसायची. नुकती जन्मलेली पिल्लं जेमतेम दिसतात आणि चालणारी तीच. ती वाऱ्याने, मुंग्यांवरून, कात्रीवरून आणि मामांच्या बाहीवरूनही जातात.

27 जानेवारी

शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर गेलो. कमरेएवढं गाजरगवत, आणि त्याच्या फांद्यांवर तोच पिठ्या, तेच काळे ठिपके. जास्वंद कितीही धुतली तरी हा साठा भिंतीपलीकडे होताच. प्लॉटवाल्यांची परवानगी काढून भिंतीलगतचा पट्टा उपटला. हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यात, गाजरगवताने अंगाला खाज सुटते. दम्याच्या माणसाने त्यात पडूच नये. फुलं येण्याआधी उपटणं योग्य, पण आपण जानेवारीत पोचलो.

12 फेब्रुवारी

आजची फेरी वर्षातली सगळ्यात मजेची. बी विंगमधल्या काकूंनी फोन केला : जास्वंदीवर "मोठाले पिठ्या" आलेत, पळतात, लवकर काहीतरी करा. जाऊन पाहिलं तर क्रिप्टोलेमसच्या, म्हणजे पिठ्या खाणाऱ्या एका ढालकिड्याच्या अळ्या. अंगावर मेणाचे लांब पांढरे धागे, दिसायला थेट भक्ष्यासारख्या. फरक दोन : या पिठ्याच्या कित्येक पट मोठ्या आणि भराभर चालतात. पिठ्या जागचा हलत नाही म्हणा ना. काकूंनी चार-पाच चिरडल्याही होत्या. त्यांना भिंगातून अळी पिठ्याला फाडताना दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, "अगोबाई, म्हणजे आपलाच माणूस की!"

हा भुंगेरा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. भारतात 1898 साली कॉफीवरच्या खवले किडीसाठी आणला होता, त्या कामात तो फारसा रमला नाही, पण पिठ्यावर पुढे उपयोगी ठरला. आम्ही विकत आणून सोडले नव्हते, मुंग्या हटल्यावर आपसूक आले. शिवाय काही पिठ्या तपकिरी, टणक होऊन मेलेत. हे एनॅशियस नावाच्या परोपजीवीचं काम. तो 2008 मध्ये भारतातल्या कपाशीच्या शेतांत याच पिठ्यावर सापडला. कोणी सोडला नव्हता, आपोआप आला होता.

जास्वंदीच्या रांगेवर "फवारू नये" अशी पाटी लावली आहे. कृपया काढू नये.

25 फेब्रुवारी

कढीपत्त्याच्या कोवळ्या पालवीवर पांढरे मेणाचे कुरळे धागे. प्रौढ कीटक बारीक, करडा, बूड वर आणि डोकं खाली करून तिरका बसतो. ही बैठक दुसऱ्या कुणाची नाही : सायला. लिंबू, कढीपत्ता आणि कुंती तिन्ही एकाच कुळातली, म्हणून गेटजवळची कुंती पाहिली. तिथेही आहेच. सायला नागपूरकडच्या संत्रा बागायतदाराची झोप उडवतो तो रस पिण्यापेक्षा ग्रीनिंग रोगामुळे. हा जिवाणूचा रोग सायलाच पसरवतो आणि एकदा झाड धरलं की त्यावर इलाज नाही. संत्र्याच्या बागेशेजारी कुंतीचं कुंपण घालू नये ते यासाठी.

आमच्याकडे लिंबू एकच. सायला अंडी फक्त नव्या पालवीवर घालतो, तेव्हा कढीपत्ता सगळा तोडून वाटून टाकला (कोणाची तक्रार नाही). पुढच्या पालवीवर निंबोळी तेल, आठवड्याच्या अंतराने दोनदा. तोडणी त्यानंतर आठ-दहा दिवस नाही.

10 मार्च

मिरचीला बोकड्या, म्हणजे पानं आकसून वळलेली. पानं कुठल्या बाजूला वळलीत ते आधी बघावं. कडा वर वळून पानाची होडी झाली असेल तर फुलकिडे, कडा खाली वळून देठ लांबले असतील तर पिवळा कोळी. आपल्याकडे होड्या. पांढऱ्या कागदावर शेंडा झटकला तर पिवळसर, बारीक काड्यांसारखे किडे चालू लागले. निळे सापळे रोपांच्या उंचीवर आणले, फुलकिड्यांची एक अवस्था मातीत जाते म्हणून कुंडीत पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं, निंबोळी तेल चालू. पूर्ण आकसलेली दोन रोपं उपटली. त्यांना विषाणू आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवता येत नाही आणि मिरचीचं रोप काही महाग नाही.

एका काकांनी हौसेने महिनाभर युरिया घातला होता. भरपूर नत्र म्हणजे लुसलुशीत शेंडे, आणि रस पिणाऱ्यांना तेच हवं असतं. युरिया बंद.

4 एप्रिल

गच्चीवरचे गुलाब. पानांवर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके, खालून धूळ बसल्यासारखं आणि देठाशी बारीक जाळं. चिकटा नाही. कागदावर झटकलं, लाल कण चालले. लाल कोळी. मोजा म्हटलं तर आठ पाय : हा कीटकच नव्हे, कोळ्याचा भाऊबंद.

हे पाय मोजणं उगाच नाही. कोणीतरी दुकानातून "सगळ्या रसशोषक किडींवर" म्हणून इमिडाक्लोप्रिड आणलं होतं. ते कीटकांच्या मज्जासंस्थेवर चालतं, कोळ्याला त्याने फरक पडत नाही. उलट कोळ्याला खाणारे मरतात आणि कोळी वाढतो. शिवाय ते झाडात भिनतं, फुलातल्या परागापर्यंत पोचतं. युरोपीय संघाने 2018 साली उघड्यावरच्या पिकांत त्याचा वापर बंद केला तो मधमाश्यांसाठीच. बाटली न उघडता परत करायला लावली.

जाता जाता लेबलवरच्या त्रिकोणाबद्दल, कारण विचारणारे बरेच भेटले. लाल अतिविषारी, मग पिवळा, मग निळा, हिरवा सर्वांत सौम्य. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. 2017 च्या हंगामात यवतमाळकडे कपाशी फवारताना शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले, ते उघड्या रानात. आपण बंदिस्त गच्चीत, पोरांच्या कपड्यांच्या दोऱ्यांखाली फवारतो.

कोळ्याला कोरडी, तापलेली हवा लागते. उपाय म्हणून पानांच्या खालच्या बाजूने रोज सकाळी पाण्याचा फवारा, भिंतीला टेकलेल्या कुंड्या हलवल्या, हिरवी जाळी बांधली. जाळं झालेली पानं काढली. साबणपाणी संध्याकाळी, आणि पाच-सहा दिवसांनी पुन्हा : अंड्यांवर परिणाम होत नाही, ती फुटल्यावरच पिल्लं सापडतात. एका फवारणीत "औषध लागू पडलं नाही" असं म्हणणाऱ्यांचा हिशोब बहुधा इथेच चुकतो.

21 एप्रिल

गुलाबाची नवी पानं स्वच्छ. जुनी ठिपक्यांची पानं परत हिरवी होत नाहीत, त्यांच्याकडे बघून निराश होऊ नये.

तुळशीची पानं वळून वाळताहेत, मागे काळे ठिपके. भिंगातून जाळीदार पंखांचा छोटा ढेकूण. कोरड्या गटातला. मंजिऱ्या आणि शेंडे खुडून साबणपाणी. पूजेची तुळस दुसऱ्या कुंडीतून घ्यावी.

8 मे

नारळाच्या झावळ्यांखाली पांढऱ्या मेणाची गोल चक्रं आणि खालच्या सगळ्या झाडांवर कोळशी. ही सर्पिल चक्राकार पांढरी माशी. भारतात 2016 साली तमिळनाडूत पोल्लाचीच्या नारळांवर आढळली आणि किनाऱ्याने पसरत वर आली. कोकणातल्या बागायतदारांना चांगली माहीत आहे. एका रहिवाशांनी नारळाच्या मुळातून औषध द्यायची सूचना केली. नारळ आपण पितो, त्यामुळे नाही. या माशीवर एन्कार्शिया नावाची गांधीलमाशी जगते आणि तिचं काम फवारणी थांबवलेल्या बागांतच चांगलं होतं. काळी पडलेली खालची पानं पाण्याने धुतली, नारळाच्या खोडाला पिवळे चिकट कागद बांधले. काही कोषांवर गोल भोकं दिसली आहेत, म्हणजे एन्कार्शिया पोचली असावी. थांबू.

पपई अजून स्वच्छ. तिच्यावरच्या पिठ्या ढेकणाचा किस्सा मामांना सांगितला. 2008 मध्ये तो कोईमतूरला सापडला, दोन वर्षांत पुण्याच्या पपईपर्यंत आला, लोक फवारून थकले. 2010 मध्ये बंगळुरूच्या शेती-कीटकांवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने पोर्टो रिकोहून परोपजीवी माश्या मागवून सोडल्या, त्यातल्या एसेरोफॅगसने कीड आटोक्यात आणली. मामा म्हणाले, "म्हणजे माशीला विमानाचं तिकीट, आणि आम्हाला पगारवाढ नाही." मुद्दा समितीकडे पाठवला आहे.

11 जून

पहिले दोन चांगले पाऊस झाले. जास्वंद भरून फुलली आहे. पिठ्या तुरळक, पावसाने धुतला जातो. पट्ट्यांवरचं ग्रीस निघालं, पाऊस थांबला की नवं लावायचं.

अडेनियमची एक कुंडी बिनकारण मलूल होती. उपटून पाहिलं तर मुळांवर पांढरी पूड आणि कुंडीच्या आतल्या कडेला मेण : मुळांवरचा पिठ्या ढेकूण. माती पूर्ण झटकली, मुळं धुऊन साबणपाण्यात बुडवली, खोड सावलीत सुकायला ठेवलंय. जुनी माती दुसऱ्या कुंडीत वापरू नये.

गुलाबावरची खवले कीड (नोव्हेंबरात दिसलेली ती राखाडी-पांढरी खपली) तशीच आहे. तिच्या कवचातून साबण-तेल आत जात नाही. स्पिरिटच्या बोळ्याने फांद्या पुसल्यात, पण बुंध्याकडे हात पोचत नाही. तिथल्या फांद्या ऑक्टोबरच्या छाटणीत जमिनीलगत काढून जाळायच्या.

रस्त्यावरच्या कडुनिंबांखाली निंबोळ्या पडताहेत. मुलांनी पोतंभर गोळा केल्या. गर काढून, बिया धुऊन जिन्याखाली सावलीत पसरल्या आहेत. उन्हात वाळवू नयेत. पाच टक्के अर्कासाठी एक लिटर पाण्याला 50 ग्रॅम कुटलेल्या बिया रात्रभर भिजवायच्या, सकाळी फडक्यातून गाळायचं, चिमूटभर साबण घालायचा आणि त्याच दिवशी वापरायचं. बुरशी आलेल्या बिया निवडून टाकायचं काम या रविवारी, सकाळी नऊला. पाट आणि सुपं घरून आणावीत.